‘आपला हात जगन्नाथ’

कांहीं प्रश्न दिसण्यांत इतके लहान असतात कीं, त्यांना तत्त्वचिंतनाच्या मंडपांत बसावयास जागा द्यावी असें कोणास सहसा वाटत नाहीं. ईश्वर आहे कीं नाहीं, मनुष्य स्वतंत्र आहे कीं परतंत्र, सुख श्रेष्ठ कीं कर्तव्य श्रेष्ठ, असल्या प्रश्नांसाठीं तेथें मानाचीं आसनें मांडलेलीं असतात. आणि घरांतले, अंगणांतले, रस्त्यावरचे प्रश्न बिचारे दाराबाहेर वहाणांजवळ उभे असतात. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, मनुष्याची नीति पारखावयाची असेल तर या वहाणांजवळच्या प्रश्नांकडेच अधिक पाहावें. मोठ्या प्रश्नावर नुसतें मत दिल्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. लहान प्रश्नावर मात्र मत देऊन भागत नाहीं; कांहींतरी करावें लागतें, आणि केलेल्याचें फळ कोणास तरी भोगावें लागतें.

आज आम्ही असाच एक प्रश्न वाचकांपुढें ठेवीत आहों. मोटारीच्या ब्रेकमध्यें जो द्रव असतो, ज्याला गॅरेजांतील मंडळी सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, तो मालकानें स्वतः बदलावा कीं कारागिराकडून बदलून घ्यावा? पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत पेठ म्हणून गांव आहे. तेथें राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं हा प्रश्न आम्हांस विचारला. गृहस्थ शिक्षणखात्यांतून निवृत्त झालेले, वाचनाचे व्यासंगी आणि हातानें काम करण्याची हौस असलेले. त्यांचीं कारणें तीन होतीं. पहिलें पैशाचें, परंतु तें त्यांनीं स्वतःच गौण ठरविलें. दुसरें अविश्वासाचें. एका गॅरेजानें द्रव बदलल्याचे पैसे घेतले. आणि घरीं येऊन पाहतात तों टांकींतला द्रव पूर्वीं होता तसाच काळपट. तिसरें कारण स्वाभिमानाचें. ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, साठी उलटली तरी आपल्या गाडीचें साधें एक काम आपणांस करतां येऊं नये, ही लाज नव्हे काय? माहितीची पुस्तिका आहे, मोबाइलवर सारी कृति दाखविणाऱ्या चित्रफिती आहेत. आपला हात जगन्नाथ!”

या म्हणीशीं आमचें कांहीं वैर नाहीं. ज्या समाजानें शतकानुशतकें पालखीचे भोई आणि हुक्क्याचे हुजरे हेंच मोठेपणाचें लक्षण मानलें, त्या समाजास ही म्हण जितक्या वेळां ऐकवावी तितकी थोडीच. परंतु म्हण ही दिव्यासारखी असते. ज्या कोपऱ्यांत ती धरली असेल तेवढाच कोपरा उजळतो. बाकीचें घर पाहावयाचें तर दिवा हातांत घेऊन हिंडावें लागतें. म्हणून प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं, आणि मग नीतीकडे वळूं.

पेठ हें गांव पुणें-नाशिक रस्त्याच्या बाजूस, सातगांव पठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच मुलखांत आहे. पावसाळ्यांत या पठारावर बटाट्याचें पीक मोठ्या प्रमाणावर होतें. दक्षिणेस खेडचा घाट उतरला कीं भीमेचें खोरें लागतें. उत्तरेस अवसरीचा घाट उतरला कीं मंचर आणि घोड नदीचें खोरें. म्हणजे पठारावरच्या मनुष्यास बाजारास जावयाचें असो, दवाखान्यांत जावयाचें असो कीं लग्नास जावयाचें असो, बहुधा घाट उतरूनच जावें लागतें. सपाट गांवच्या मनुष्यास ब्रेक ही सोय वाटेल; पठारावरच्या मनुष्यास तो दररोजचा आधार आहे.

घाट उतरणें म्हणजे पदार्थविज्ञानाच्या भाषेंत काय? उंचीवर असलेल्या वस्तूच्या ठिकाणीं जी शक्ति सांठलेली असते ती उतरतांना कोठें तरी जावीच लागते. एक हजार किलो वजनाची मोटार १०० मीटर उंचीवरून, वेग न वाढवितां, खालीं आली तर तेवढ्यानें मोकळी झालेली उष्णता सुमारें तीन लिटर गार पाणी उकळीस आणण्यास पुरेल. उतारावर खालचा गिअर ठेवणारा शहाणा चालक या उष्णतेचा बराच वांटा एंजिनाच्या गळ्यांत घालतो. पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें गाडी न्यूट्रलमध्यें सोडणारा तो जवळजवळ सारा ब्रेकवर लादतो. ही उष्णता चाकाजवळच्या तबकड्यांत आणि तेथून थोडीफार त्या द्रवांत शिरते.

हा द्रव वस्तुतः तेल नव्हेच. सध्यां बहुतेक मोटारींत वापरतात तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा बनलेला असतो, आणि त्याचा स्वभाव असा कीं तो हवेंतलें पाणी हळूहळू शोषून घेतो. रबरी नळ्यांतून, झांकणाच्या फटींतून, वर्षानुवर्षें तें पाणी नकळत आंत येत राहतें. ‘डॉट ४’ या प्रतीचा ताजा, कोरडा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत शेंकडा ३.७ पाणी मिसळलें म्हणजे ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ‘डॉट ३’ प्रतीसाठीं हेच आंकडे २०५ आणि १४० असे आहेत. द्रव उकळला कीं वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. आणि चालकाचा पाय जो जोर देतो तो चाकापर्यंत न पोंचतां त्या बुडबुड्यांतच जिरून जातो. पेडल तळाला टेंकतें आणि गाडी चालतच राहते. म्हणून बहुतेक उत्पादक सुमारें दोन वर्षांनीं हा द्रव बदलावा असें सांगतात.

आतां बदलण्याची कृति. टांकींतला जुना द्रव काढून नवा भरावयाचा. मग एकेका चाकाजवळचें निपल किंचित् सैल करावयाचें, त्यास पारदर्शक नळी लावावयाची, एकानें आंत बसून पेडल दाबावयाचें, दुसऱ्यानें जुना द्रव बाहेर येऊं द्यावयाचा, आणि पेडल सुटण्यापूर्वीं निपल बंद करावयाचें. टांकी एकदांही रिकामी होतां कामा नये, नाहींतर हवा आंत शिरते. सांगावयास दहा ओळी पुरतात. अवजारेंही थोडींच लागतात. आमच्या स्नेह्यांना काम सोपें वाटलें यांत नवल नाहीं, आणि खरोखर तें फार कठीण नाहींही.

परंतु कठीण काम आणि धोक्याचें काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सतार जुळविणें कठीण आहे, धोक्याचें नाहीं. गच्चीच्या कठड्यावर बसणें अगदीं सोपें आहे. एंजिनाचें तेल बदलतांना चूक झाली तर बहुधा एंजिन आपलें दुःख आवाजानें, धुरानें, लाल दिव्यानें सांगतें, आणि नुकसान झालें तरी तें मालकाच्या खिशाचें. ब्रेकच्या कामांतील कांहीं चुका ताबडतोब कळतात. हवा राहिली तर पेडल मऊ लागतें. परंतु कांहीं चुका मौनी असतात. निपल पुरतें आंवळलें गेलें नाहीं तर द्रव थेंबाथेंबानें झिरपतो. चुकून खनिज तेल भरलें तर रबराच्या वाट्या हळूहळू फुगतात. टांकी नव्या द्रवानें चकचकीत झाली, आणि चाकाजवळचा जुना द्रव तेथेंच राहिला, तर अंगणांत सारें ठाकठीक असतें. त्याची परीक्षा होते ती भर उन्हाळ्यांत, भरल्या गाडीनिशीं, घाटाच्या मध्यावर. अंगणांत केलेल्या कामाचा निकाल घाटांत लागतो, ही या प्रश्नाची खरी मेख आहे.

ज्या नियमावर हा ब्रेक चालतो तो सतराव्या शतकांतील फ्रेंच पंडित पास्कल याच्या नांवानें प्रसिद्ध आहे: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो. योगायोग असा कीं, याच पास्कलनें अनिश्चित गोष्टींसंबंधानें निर्णय कसा करावा याचाही विचार केला होता. त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘विचार’ या ग्रंथांत ईश्वराच्या अस्तित्वाविषयींची त्याची ती विख्यात पैज आहे. ती पैज पटो वा न पटो, तिच्यांतील एक गोष्ट कोणासही मान्य व्हावी: डाव खेळतांना जिंकण्या-हरण्याचा संभव किती एवढेंच पाहून चालत नाहीं, पणाला काय लावलें आहे तेंही पाहावें लागतें. आमचे स्नेही म्हणत, “शंभरांत नव्याण्णव वेळां काम बिनचूक होईल.” असेलही. परंतु शंभरावा डाव कोणाच्या जिवावर खेळला जातो, हें त्या नव्याण्णवांत दिसत नाहीं.

येथें स्वावलंबनाचा पक्ष आम्ही पूर्णपणें मांडूं इच्छितों, कारण तो दुर्बल नाहीं. आपल्या इकडच्या पांढरपेशा वर्गाला इंग्रजी विद्येनें पुष्कळ दिलें, परंतु हात दिले नाहींत. बी. ए. झालेल्या मुलास खिळा ठोकतां न येणें हें कित्येक घरांत कौतुकानें सांगितलें जात असे. बुद्धीचें काम तें उच्च, हाताचें तें नीच, ही जुनी समजूत नव्या विद्येनें मोडावयाची ती अधिकच पक्की झाली. ज्याला आपल्या घरांतील एकाही यंत्राचें पोट माहीत नाहीं तो त्या यंत्राचा मालक केवळ नांवाचा. खरा मालक तें दुरुस्त करणारा. अशा स्थितींत एखादा सुशिक्षित मनुष्य बाह्या सावरून गाडीखालीं शिरूं म्हणतो, तेव्हां त्याची थट्टा करण्यापेक्षां त्याला आधीं नमस्कार करावा. शिवाय हातानें काम केल्यानें ज्ञान सुधारतें. ज्यानें एकदां स्वतः निपल उघडून तो काळपट द्रव पाहिला, तो उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतांना नक्की विचार करील.

परंतु हाच पक्ष थोडा पुढें ढकलला कीं एक विचित्र गोष्ट दिसते. हाताच्या कामाचा तिरस्कार दोन प्रकारचा असतो. एक उघड: ‘हें काम आमचें नव्हे, त्या लोकांचें.’ दुसरा प्रच्छन्न: ‘त्यांत आहे काय? संध्याकाळभर वाचलें कीं येईल.’ पहिला कारागिराला हीन समजतो, दुसरा त्याच्या विद्येला शून्य समजतो. वरकरणीं दुसरा मनुष्य उदार आणि पुरोगामी दिसतो. वस्तुतः तोही त्याच जुन्या पायरीवर उभा आहे. दहा वर्षें उस्तादाच्या हाताखालीं काढून ज्याच्या बोटांना निपल किती आंवळावें हें कळूं लागलें, त्याची ती समज पुस्तकी मनुष्यास एका बैठकींत मिळेल असें मानणें म्हणजे ती समज विद्याच नव्हे असें म्हणणें होय. संस्कृत शिकावयास बारा वर्षें लागतात असें अभिमानानें सांगणारा पंडित, पाना चालवावयास बारा मिनिटें पुरतात असें कोणत्या न्यायानें म्हणतो?

या बाबतींत आपल्या जुन्या गाडीवानाची रीत आम्हांस फार समंजस वाटते. आंसाला वंगण तो स्वतः घाली. त्यासाठीं कोणास बोलावीत नसे. परंतु चाक सुताराचें, आणि चाकावर लोखंडी धाव चढवावयाची तर ती लोहाराची. आगींत लाल केलेली धाव चाकावर बसवून पाण्यानें आंवळून घ्यावयाची, हें काम कितीही वेळां पाहिलेलें असलें तरी शहाणा गाडीवान तें आपल्या अंगणांत करूं पाहत नसे. मात्र तो काम टाकून घरीं जाऊन निजतही नसे. तो लोहाराच्या भात्याजवळ उभा राही, डोळ्यांत तेल घालून पाही, आणि धाव नीट बसली नाहीं तर तेथेंच बोले. वंगण आणि धाव यांतला भेद त्याला कोणत्याही ग्रंथानें शिकविला नव्हता. वंगण कमी पडलें तर चाक कुरकुरतें आणि सांगतें. धाव वाटेंत निसटली तर सांगावयास वेळ उरत नाहीं.

यावर कोणी गीतेंतील स्वधर्माचा दाखला देऊन म्हणतील कीं, ठरलेंच तर मग. ज्याचें काम त्यानेंच करावें. हा अर्थ आम्हांस मान्य नाहीं. कौशल्य हें कोणाच्या जन्माबरोबर येत नाहीं. तें शिकण्यानें येतें, आणि म्हणून तें शिकण्याचा अधिकार सर्वांस आहे. बलुतेदारीच्या पद्धतींत कामाची वांटणी होती हा तिचा गुण. ती वांटणी जातीनें कायमची खिळून टाकली होती हा तिचा दोष. आज गुण घ्यावा आणि दोष टाकावा. प्राध्यापकाच्या मुलानें मेकॅनिक व्हावें, मेकॅनिकच्या मुलीनें प्राध्यापक व्हावें. परंतु दोघांनींही तें शिकून व्हावें, न शिकतां नव्हे.

आतां प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊं. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत जें कृत्य केवळ कर्त्यापुरतें आहे तें आणि ज्याची झळ इतरांस लागते तें, असा भेद केला. आणि पहिल्यांत समाजानें हात घालूं नये असें प्रतिपादिलें. आमचे स्नेही याच आधारावर म्हणत होते: “गाडी माझी, हात माझा, जीवही माझा, यांत दुसऱ्याचें काय?” जीव त्यांचा एकट्याचाच असता तर आम्ही एक अक्षर बोललों नसतों. परंतु त्यांच्याच गाडींतून शेजाऱ्यांचीं दोन मुलें आठवड्यांतून एकदां मंचरास शिकवणीस जातात. घाटांत पुढें बटाट्यानें लादलेला टेंपो असतो, वळणावर मोटारसायकलवर दोघे असतात, कडेनें दुधाचा किटलीवाला असतो. यांपैकीं कोणीही या प्रयोगास संमति दिलेली नाहीं. मालकी गाडीची असते, रस्त्याची नसते. ब्रेक ही गाडींतील अशी वस्तु आहे कीं ती मालकापेक्षां गाडीसमोरच्या मनुष्याच्या उपयोगाची अधिक. हॉर्नप्रमाणेंच ती दुसऱ्यासाठीं बसविलेली आहे. म्हणून ब्रेकचें काम मिल्लच्या पहिल्या कोठ्यांत कधींच बसत नाहीं.

तर मग कारागिराकडे द्यावें आणि मोकळें व्हावें? येथेंच पुष्कळ सज्जन फसतात. पैसे दिले कीं जबाबदारीही दिली, असें त्यांस वाटतें. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ मध्यें लिहिलेल्या एका निबंधांत जहाजाच्या मालकाचें उदाहरण घेतलें आहे. जहाज जुनें, डागडुजीस आलेलें. मालकाच्या मनांत शंका येते. परंतु तें इतक्या सफरींतून सुखरूप आलें, आतांही येईल, अशी समजूत घालून तो शंका दाबतो आणि प्रवाशांसह जहाज हांकारतो. जहाज बुडालें तर तो अपराधी आहेच. परंतु क्लिफर्ड म्हणतो कीं तें सुखरूप परत आलें असतें तरी तो तितकाच अपराधी होता. कारण दोष परिणामांत नसून, पुराव्यावांचून विश्वास ठेवण्यांत आहे. गॅरेजाची पावती खिशांत घालून, टांकींत डोकावूनही न पाहतां घाट उतरणारा मालक आणि तो जहाजमालक यांत आम्हांस मोठें अंतर दिसत नाहीं. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाही येथें नीतीच्या बाजूस उभा आहे. त्याच्या १९० व्या कलमाप्रमाणें, वाहनांत धोका उत्पन्न करणारा दोष असून तो चालविणारास माहीत असेल, किंवा साधारण काळजी घेतली असती तर कळूं शकला असता, तर तें वाहन सार्वजनिक जागीं चालविणें हा गुन्हा आहे. ‘मला ठाऊक नव्हतें’ एवढें पुरत नाहीं. ‘मला कळून घेतां आलें नसतें’ असें म्हणतां आलें पाहिजे.

शिवाय ‘कारागीर’ या शब्दाच्या पोटीं सर्वच कारागीर सारखे नसतात. वैद्यकीचा धंदा करावयास नोंदणी लागते, वकिलीस सनद लागते. ब्रेकची हवा काढणाऱ्यास आपल्याकडे तसली सनद दाखवावी लागत नाहीं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत रीतसर शिकलेलेही आहेत, उस्तादाजवळ घासून तयार झालेले उत्तम जाणकारही आहेत, आणि कालच पाना हातांत धरलेलेही आहेत. म्हणून ‘स्वतः’ विरुद्ध ‘दुसरा’ अशी जी रेघ आपण ओढली होती ती चुकीच्या जागीं पडली होती. खरी रेघ कसोटीस उतरलेलें ज्ञान आणि कसोटीस न उतरलेला आत्मविश्वास यांच्या मधून जाते. आणि ती कधीं मालकाच्या अंगणांतून जाते, कधीं गॅरेजाच्या दारांतून.

ही रेघ ओळखावयाची कशी? आमच्या मतें आपण आपणांस चार प्रश्न विचारावे. पहिला: मी हें काम जाणत्याच्या नजरेखालीं पूर्वीं केलें आहे काय? पाहिलें आहे काय, असें नव्हे; केलें आहे काय? दुसरा: चूक झाली तर ती मला कळेल काय, आणि घाटापूर्वीं कळेल काय? तिसरा: माझ्या गाडीची रचना माझ्या साधनांनीं हाताळतां येण्याजोगी आहे काय? ए. बी. एस. असलेल्या कित्येक मोटारींत त्या यंत्राच्या पोटांतील हवा काढावयास खास उपकरण लागतें; तेथें हौसेनें भागत नाहीं. चौथा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माझ्या गाडींत बसणाऱ्यास, ‘हे ब्रेक मीं स्वतः केले आहेत,’ असें मी बसण्यापूर्वीं सांगूं शकेन काय? जें काम लपवावेंसें वाटतें त्याविषयीं आपल्या मनानें आधींच निकाल दिलेला असतो. आणि हे चारही प्रश्न गॅरेजासही तसेच लावावे. जो कारागीर ‘उभे राहा, पाहा, नळींतून नवा द्रव येतो कीं नाहीं’ म्हणतो तो चौथ्या प्रश्नांत उत्तीर्ण झाला. जो ‘साहेब, तुम्ही चहा घेऊन या’ म्हणतो त्याच्याविषयीं जपून राहावें.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं हेंच सांगितलें: तुमचा अविश्वास रास्त आहे, परंतु अविश्वासानें कौशल्य येत नाहीं. दुसऱ्यानें फसविलें म्हणून आपण जाणते ठरत नाहीं. औषधवाला लबाड निघाला म्हणून कोणी घरीं औषधें कुटावयास बसत नाहीं. तुमच्या अविश्वासाचें औषध म्हणजे देखरेख, आणि तुमच्या हौसेचें औषध म्हणजे शागिर्दी. साठीनंतर शागीर्द होण्यांत कमीपणा वाटत असेल तर हौस खरी नव्हे. त्यांनीं थोडा विचार केला, आणि ओळखीच्या एका वयस्क मेकॅनिकास आपल्या अंगणांत बोलावून, त्याची पूर्ण मजुरी देऊन, त्याच्या हाताखालीं काम केलें. पहिल्या दोन चाकांना त्यांनीं आंत बसून पेडल दाबलें. उरलेल्या दोहोंचीं निपलें त्यांनीं स्वतः उघडलीं आणि मिटलीं, व मेकॅनिकानें प्रत्येक पुन्हां तपासलें. जुना द्रव त्यांना ओढ्याकांठीं ओतून द्यावयाचा होता. त्या मनुष्यानेंच त्यांचा हात धरला आणि तो विषारी असल्याचें सांगून डब्यांत भरून नेला. पुस्तिका ज्यांनीं तीनदां वाचली होती त्यांना जें सुचलें नाहीं तें त्याला सुचलें, कारण तो त्या द्रवाबरोबर जन्मभर राहिला होता.

पुढच्या खेपेस ते एकटे करतील काय? कदाचित् करतील, आणि तेव्हां आमची हरकत असणार नाहीं. शिकून मिळविलेला अधिकार हा वयानें, पदवीनें किंवा पावतीनें मिळालेल्या अधिकारापेक्षां श्रेष्ठ होय. मात्र काम झाल्यावर सपाट रस्त्यावर, हळू वेगानें, एकट्यानें गाडी तपासून, दुसऱ्या दिवशीं टांकीची पातळी आणि चाकांजवळचा ओलावा पाहून, मगच मुलांना आंत बसवावें, एवढें वचन आम्हीं त्यांजकडून घेतलें आहे.

परंतु हा सारा विचार करतां करतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, आणि ती सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्वतः करावें कीं करून घ्यावें, या वादांत पडणारे लोक मुळांत थोडे. बहुसंख्य लोक दोहोंपैकीं कांहींच करीत नाहींत. द्रव पांच वर्षें, सात वर्षें तोच असतो. गाडी धुवून पुसून चकाचक, आरशाला लिंबू-मिरची, दसऱ्याला झेंडूची माळ, आणि ब्रेकच्या नळ्यांत पावसाळ्यामागून पावसाळे मुरलेलें पाणी. जो धडपडतो तो चुकण्याचा संभव आहे म्हणून आपण त्याला चार उपदेश करतों. जो कांहींच करीत नाहीं तो आपल्या नजरेंतूनही सुटतो, कारण त्यानें केलेलें असें बोट ठेवण्याजोगें कांहींच नसतें. नीतिशास्त्रांत कृतीच्या पातकांची यादी लांबलचक आहे. अकृतीचीं पातकें मात्र बहुधा बिननांवाचीं राहतात. आणि घाटांतला उतार कृति आणि अकृति यांत भेद करीत नाहीं.

दोन पिढ्यांपूर्वींचा मनुष्य आपल्या गांवांतील लोहाराला, वैद्याला, गाडीवानाला नांवानें ओळखत असे, आणि त्यांच्या चुकांचें आणि गुणांचें माप त्याच्या मनांत तयार असे. आज आपला जीव दररोज अशा शेंकडों अनोळखी हातांवर अवलंबून असतो: ज्यानें पूल बांधला त्याच्या, ज्यानें लिफ्टचा दोर तपासला त्याच्या, आणि समोरून येणाऱ्या गाडीचे ब्रेक ज्यानें केले त्याच्या. या हातांचे चेहरे आपणांस कधींच दिसणार नाहींत. आणि दुसऱ्या कोणासाठीं आपणही तसाच एक चेहरा नसलेला हात आहों. ज्यांनीं मोटार घडविली त्यांनीं तर ब्रेकच्या दाबासाठीं दोन स्वतंत्र मार्ग ठेवले, एक निकामी झाला तरी दुसऱ्यानें गाडी थांबावी म्हणून. इतक्या मोठ्या विद्येच्या धन्यांनीं आपल्या विद्येवर जेवढा अविश्वास दाखविला, त्याचा शतांश तरी आपण आपल्या हौसेवर आणि आपल्या पावतीवर दाखवावा. आपला हात जगन्नाथ खरा. परंतु जगन्नाथ म्हणजे जगाचा नाथ, एकट्या आपला नव्हे. जो हात समोरून येणाऱ्या अनोळखी मनुष्याची काळजी वाहतो, त्यालाच तें नांव शोभतें.